कॉलरवरचा धागा

समजा, तुम्हाला तिळाएवढ्या फुलाचा फोटो काढायचा आहे.

फूल तुमच्या खांद्याच्या उंचीवर आहे, शेवाळलेल्या फांदीवर, एका पानाच्या पाठीला चिकटून. लेन्स फुलापासून जेमतेम वीतभर लांब. एवढ्या जवळून बघताना वहीची दहा पानं एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल, तेवढाच पट्टा लेन्सला स्पष्ट दिसतो. त्याच्या अलीकडे धुकं आणि पलीकडेही धुकं. तुम्ही श्वास घेतला की कॅमेरा केसभर सरकतो आणि पाकळीची कड धुक्यात जाते. सोडला की फूलच जातं आणि मागचं पान लख्ख दिसायला लागतं. म्हणून श्वास अर्धा सोडून थांबायचं. एवढ्यात दरीतून वारा येतो, फांदी हलते, कानापाशी डास गुणगुणतो. तुम्ही हलत नाही. वारा पडतो आणि तुम्ही बटण दाबता.

आता सांगा, त्या क्षणी फुलाच्या खाली दोन बोटांवर फांदीला काय गुंडाळलेलं होतं?

तुम्ही म्हणाल, ते कोण बघत बसलंय. नुबिया आर्रोयावेनेही ते बघितलं नव्हतं. पण तिने ते स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं. आणि काय काढलं, ते तिला काही केल्या आठवत नव्हतं.

नुबिया चोपन्न वर्षांची. आंतिओकिया प्रांताच्या डोंगरात सान एलोय गावाच्या चौकात, चर्चच्या डाव्या हाताला तिचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ तिच्या बापाचा, एफ्राइनचा. अख्ख्या गावाचे ओळखपत्राचे फोटो एफ्राइनने काढले. पाठीमागे पांढरी चादर, समोर लाकडी स्टूल, आणि स्टुलावर डोंगरावरून उतरलेला, टोपी मांडीवर ठेवून ताठ बसलेला माणूस. एफ्राइन कॅमेऱ्याकडे जायच्या आधी त्या माणसाकडे जायचा. कॉलर सरळ करायचा, खांद्यावरचा केस उचलायचा, सुटलेला धागा चिमटीत धरून तोडायचा. नुबिया अकरा वर्षांची झाली तेव्हा त्याने हे काम तिच्याकडे दिलं. म्हणाला, "चेहरा देवाने दिलाय, त्याला आपला इलाज नाही. कॉलर आपल्या हातात आहे."

एफ्राइनचा आणखी एक नियम होता. पहिला फोटो उजेडासाठी आणि दुसरा माणसासाठी. पहिल्या फोटोत उजेड कसा पडतो ते बघायचं, मग कॉलर, धागा, केस, आणि मग खरा फोटो. नुबियाने तीस वर्षं असंच केलं. तिचा हात इतका सरावला होता, की चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या पाठीवरचा धागासुद्धा ती काढून टाकायची आणि तो माणूस वळून बघायचा तेव्हा तिलाच लाज वाटायची.

पुढे ओळखपत्राचे फोटो सरकारी कचेरीतच मशीनवर निघायला लागले. पोरांच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे फोटो मावश्या मोबाइलवर काढू लागल्या. स्टूल रिकामं पडलं. तेव्हा चौकाच्या वरच्या गल्लीतली लिहिया, गावात मानाने दोन्या लिहिया म्हणतात ती, एक दिवस दारात येऊन म्हणाली, "माझ्या बेगोनियाचा फोटो काढून दे गं. पोरगी स्पेनला असते. तिला वाटतं, ती गेल्यापासून मी सगळं सुकवून टाकलं."

तिथून सुरुवात झाली. सान एलोयमध्ये बाईची बाग म्हणजे तिची अब्रू. फोटो काढायचा म्हटलं की बायका आधी अंगण झाडायच्या, वाळकी पानं तोडायच्या, पाकळ्यांवर पाणी शिंपडायच्या आणि मग बाजूला उभ्या राहून सूचना द्यायच्या. "हिला डावीकडून घे, उजवीकडे अळीने खाल्लंय." "शेजारणीच्या जिरेनियमचा मोठा काढलास, माझा एवढासा का?" बदल्यात नुबियाला अंडी मिळायची, केळी मिळायची आणि गावातली झाडून सगळी भानगड कळायची.

रविवारी मात्र ती एकटी रानात जायची. जीप जिथपर्यंत जाते तिथपर्यंत जीपने आणि मग पायी. रानात फुलाला कोणत्या बाजूने घ्यायचं ते सांगायला कोणी नसतं. पहिली दोन वर्षं ती बावचळली. कुठलं फूल फोटो काढण्याजोगं, तेच कळेना. मग डोळा बसला. तिला लहान फुलं दिसू लागली, मग त्याहून लहान, मग भिंगाशिवाय फूल आहे हेही कळणार नाही अशी. कॉम्प्युटरवर तिने दोन कप्पे केले होते. एक 'घरचं', एक 'रानचं'. दहा वर्षांत एकही फोटो चुकीच्या कप्प्यात गेला नव्हता. ती फार मोठी शास्त्रज्ञ होती म्हणून नव्हे. कुंडीतलं कोणतं आणि झाडावरचं कोणतं हे कोणालाही कळतं, अशी तिची समजूत होती.

यंदाच्या मे महिन्यात एल काबुयालच्या उतारावर एका गुआमोच्या झाडावर तिला ते तिळाएवढं फूल दिसलं. जांभळं, मधोमध पिवळी रेघ, आणि दोन पाकळ्या अशा मुडपलेल्या की जणू कोणीतरी ओठ चावलेत. तिने फोटो काढला आणि इलियानाला पाठवला. इलियाना म्हणजे ऑर्किड मंडळाची वनस्पतीशास्त्र शिकलेली मुलगी, तालुक्यातल्या रानटी ऑर्किडांची यादी करत होती. अर्ध्या तासात तिचा फोन आला.

"दोन्या नुबिया, हे कुठं मिळालं तुम्हाला?"

"काबुयालला."

"ह्या खोऱ्यात हे कधीच सापडलेलं नाहीये. इथलं काय, शेजारच्या तालुक्यातही नाही. मी फॉर्म पाठवते. नीट भरा आणि सही करा. पंधरा दिवसांत हवा."

फॉर्म आला. जागा, तारीख, झाड, उंची. शेवटी दोन चौकटी. एकीसमोर लिहिलेलं 'रानातलं', दुसरीसमोर 'लावलेलं'.

ह्या फॉर्मची गोष्ट तिच्या चुलतभावाला, अर्नुल्फोला, तिच्याआधीच कळली असावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टुडिओत हजर. अर्नुल्फो काबुयालच्या वस्तीचा अध्यक्ष. त्या उतारावर अवोकाडोवाल्यांचा डोळा होता. आजूबाजूचे तीन डोंगर त्यांनी आधीच भादरून रांगेत झाडं लावली होती, आणि वस्तीचा ओढा उन्हाळ्यात आटायला लागला होता. नगरपालिका नवा नकाशा करत होती. दुर्मिळ रानफूल जिथं नोंदलं जाईल तो उतार नकाशावर हिरवा, आणि हिरव्याला कोणी कुऱ्हाड लावायची नाही.

"म्हणजे तुझ्या त्या तिळाने आमचं पाणी वाचवलं," अर्नुल्फो म्हणाला आणि स्टुलावर बसला. "माझापण एक फोटो काढ. हिरो दिसलो पाहिजे."

"कॉलर बघ आधी स्वतःची," नुबिया म्हणाली आणि सवयीने त्याच्या खांद्यावरचा धागा उचलला.

फॉर्म तिने ठेवून दिला. रविवारी निवांत भरू म्हणाली.

शुक्रवारी दोन्या लिहियाकडे बोलावणं आलं. लिहियाने नवं ऑर्किड आणलं होतं आणि ते संत्र्याच्या झाडाला बांधायचं होतं. बांधतानाच फोटो हवा होता, स्पेनला पाठवायला. लिहियाने जुन्या नायलॉनच्या मोज्याची पट्टी कापली, रोपाची मुळं सालीवर टेकवली आणि पट्टीने दोन वेढे देऊन गाठ मारली.

"मोजाच का?" नुबियाने विचारलं. तिने हे शंभर अंगणांत बघितलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं.

"सुतळी कुजते, तार कापते. मोजा झाडाबरोबर ताणला जातो. तुझी आईसुद्धा असंच बांधायची की. तो बघ तिकडं, वरच्या फांदीवर, पंधरा वर्षांचा आहे."

नुबियाने वर बघितलं. तिला मोजा दिसला नाही. मुळांमध्ये एक तपकिरी, शेवाळ चढलेली, पीळ पडलेली वाळकी दोरी दिसली. एखादी मुळी म्हणा ना.

आणि तिची चिमूट आपोआप मिटली.

हाताला आठवलं होतं. काबुयालला, पहिल्या आणि दुसऱ्या फोटोच्या मध्ये, तिने फांदीवरून काहीतरी काढलं होतं. तपकिरी, सुटलेलं टोक असलेलं, फोटोत घाण दिसेल असं काहीतरी. चिमटीत धरून ओढलं होतं, आणि ते जरासं ताणलं गेलं होतं. ताणलं गेलं होतं की ते आत्ता, लिहियाचा मोजा बघून तिला वाटत होतं?

"काय झालं गं? चेहरा पडला तुझा," लिहिया म्हणाली.

"काही नाही. फोटो हलला."

घरी येऊन तिने काबुयालचा उजेडाचा फोटो उघडला. पहिला फोटो ती कधीच पुसत नसे, एवढ्यापुरतं नशीब. फूल लख्ख होतं. पाकळीवरचे केससुद्धा मोजता येतील इतकं. आणि खाली, स्पष्ट पट्ट्याच्या बाहेर, धुक्यात, फांदीवर एक तपकिरी डाग. तिने तो मोठा केला, गाठीसारखा दिसला. आणखी मोठा केल्यावर वाळक्या मुळीसारखा दिसला. मग नुसते चौकोन दिसू लागले. तिने चष्मा पुसला, स्क्रीन पुसली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. गाठ. मुळी. पुन्हा गाठ.

ज्या गुणासाठी तिचे फोटो वाखाणले जायचे, एकच फूल धारदार आणि बाकी सगळं विरघळलेलं, त्याच गुणाने तिला फसवलं होतं. फोटो मोबाइलवर काढला असता तर सगळंच बरंवाईट सारखं दिसलं असतं.

शनिवारी ती अर्नुल्फोच्या घरी गेली. तो ओट्यावर बसून गुळाचं पाणी पीत होता.

"काबुयालला, त्या गुआमोपाशी, कधी कोणाचं घर होतं का?"

"घर कसलं? रान आहे ते."

"आधी. लोक निघून गेले त्याच्या आधी."

अर्नुल्फोने पेला खाली ठेवला. बावीस वर्षांपूर्वी बंदूकवाल्यांनी त्या बाजूची घरं एका दिवसात रिकामी करवली होती. काही लोक परत आले, बरेचसे आले नाहीत. कोण कुठं राहत होतं ह्याबद्दल गावात कोणी फारसं बोलत नाही.

"आना देलियाचं होतं," तो शेवटी म्हणाला. "अकरा पोरं आणि त्याहून जास्त झाडं. पण घर आता नाही. मातीचं होतं. झाडांनी खाल्लं. तू कशाला विचारतेस?"

नुबियाने सांगितलं. धागा, चिमूट, मोजा, सगळं.

अर्नुल्फो म्हणाला, "म्हणजे तू शंभर मैलांत एक मिळणारं फूल शोधलंस आणि त्याची कॉलर सरळ केलीस."

"तसंच काहीतरी."

"तुला दिसलं का नक्की, की तो मोजा होता?"

"नाही."

"मग नव्हता. भर चौकट."

"नव्हता असंही मला दिसलं नाही."

"नुबिया, मी तुला सोपं करून सांगतो. ओढ्यात पाणी आहे तोवर आम्ही आहोत. चौकट रानाची भरलीस तर पाणी राहतं. आता तूच बघ, कुठला धागा धरून बसायचं ते."

अर्नुल्फोचं चुकत होतं असं तिला वाटेना, आणि खरं होतं असंही वाटेना. उठताना त्यानेच आना देलियाच्या नातीचा नंबर दिला. "घे. नाही दिला तर तू मला झोपू देणार नाहीस."

आना देलिया शहराला लागून असलेल्या बेय्योत, नातीकडे, चौथ्या मजल्यावर राहत होती. वय शहाऐंशी. नातीने फोन तिच्या कानाला लावला.

"कोण नुबिया?"

"एफ्राइन फोटोवाल्याची."

"ज्याने मला डोळे मिटलेली छापली?"

म्हातारी थांबली नाही.

"चाळीस वर्षं ते कार्ड घेऊन फिरले मी. बँकेतली पोरगी म्हणायची, आजी, झोपेतच आलात का. तुझा बाप कॉलर ओढत बसायचा, डोळे कोण बघणार?"

"माफ करा, दोन्या आना देलिया. त्यांच्या वतीने."

"मेलेल्याची माफी नको. बोल, काय काम काढलंस?"

"तुमच्या अंगणात एक गुआमोचं झाड होतं का? त्याला तुम्ही काही बांधलं होतं?"

"मी कशाला नाही बांधलं ते विचार. नवरा म्हणायचा, उभा राहिलो तर मलाही बांधशील."

"जांभळं फूल. तिळाएवढं."

"तिळाएवढं फूल कोण लावतं गं? दिसायला नको? माझी फुलं बशीएवढी असायची. पाद्री देवीसाठी मागून न्यायचा."

नुबियाच्या जिवात जीव आला. म्हणजे नाही. म्हणजे रानातलंच.

"पण पडलेलं मी टाकायची नाही," म्हातारी पुढे म्हणाली. "वाऱ्याने फांदी पडली आणि तिच्यावर काही चिकटलेलं असलं, तर उचलून आणायची आणि बांधायची. काय आहे ते फुललं की कळेल. काही फुलायची. काही नुसतीच पानं घेऊन बसायची, माझ्या तिसऱ्या जावयासारखी."

"कशाने बांधायचात?"

"मोज्याने. कॉफीच्या रंगाच्या. काळे मी कापत नव्हते, ते मयताला जाताना घालायला लागायचे. आमच्याकडे तेव्हा रोज लागत होते." मग ती म्हणाली, "निघालो तेव्हा सत्तावीस रोपं बांधलेली होती. मी म्हटलं, पाणी कोण घालणार? नवरा म्हणाला, बाई, चल. घर आहे का गं अजून?"

"मला तरी दिसलं नाही. नुसती झाडं आहेत."

"मग तू नीट बघितलं नाहीस," आना देलिया म्हणाली. "ओढ्याच्या वर, कपडे धुवायचा सिमेंटचा ओटा आहे. तो कुठं जाईल?"

रविवारी नुबिया आणि अर्नुल्फो काबुयालला गेले. अर्नुल्फोने मक्याच्या जाड भाकऱ्या आणि चीज बांधून घेतलं होतं.

ह्या वेळी नुबियाने कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि नुसतं बघितलं. धुण्याचा ओटा सापडला. नेच्यांनी झाकलेला, मधून तडकलेला, पण साबण ठेवायच्या खळग्यासकट. त्याच्यापासून जास्वंदीची एक रांग निघत होती. वेडीवाकडी वाढून झाडं झालेली, पण रांगेत. रान रांगेत वाढत नाही. म्हणजे कुंपण. ती कुंपणाच्या आत उभी होती. दहा वर्षं ती ह्या उताराला रान म्हणत होती आणि इथले चाळीसेक फोटो 'रानचं' कप्प्यात होते.

गुआमो कुंपणाच्या आत होता. फूल गळून गेलेलं, रोप तसंच. जिथून तिने ते काहीतरी काढलं होतं तिथं नुसतं ओलं शेवाळ होतं, खूण काही नव्हती. तिने झाडाखालचा पाचोळा चाळला. गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी, मूठमूठ. काडी, बीच्या शेंगा, गोगलगायीचं कवच. मोजा नाही, मुळीही नाही. हे काम ती एवढ्या मन लावून करत होती की अर्नुल्फोला राहवेना.

"सुई हरवलीय का तुझी?"

"तू बघ की त्या झाडांकडे."

त्यानेच पहिली पट्टी शोधली. दुसऱ्याच झाडावर, डोक्याच्या वर, मोठ्या ऑर्किडाच्या बुडाशी. खोडात रुतलेली, पण मोजाच. नखाने शेवाळ खरवडलं की कॉफीचा रंग दिसत होता.

"बांधायची म्हणजे बांधायचीच की म्हातारी," अर्नुल्फो हळूच म्हणाला. मग लगेच, "पण ही इथं आहे म्हणून ती तिथं होती असं होत नाही."

"नाही होत," नुबिया म्हणाली.

परतताना ती ओढ्याच्या वरच्या अंगाने आली. कुंपणाच्या बाहेर, पन्नासेक पावलांवर, एका वाकलेल्या ओकच्या झाडावर तिला पानं दिसली. नखाएवढी, तशीच टोकदार, देठावर तसेच बारीक कंगोरे. एक, दोन, मोजता मोजता सात. एकाही रोपाला बांधलेलं नव्हतं. शेवाळातून आपली आपण उगवलेली.

अर्नुल्फोने टोपी मागे सरकवली. "झालं. सात पोरं, बिनबांधलेली. रान म्हणजे आणखी काय असतं?"

"फूल नाहीये ह्यांना. पान असंच असणारी पन्नास जातींची ऑर्किडं असतील. फुलायला दोन-तीन वर्षं लागतात."

"आणि फुललं, आणि तेच निघालं तर?"

"तरी काय? ऑर्किडाचं बी धुळीसारखं असतं. गुआमोवरून उडून इथं आलं असेल. मग ही म्हातारीने बांधलेल्या रोपाची पोरं." ती थांबली. "किंवा ही आधीपासून इथं असतील, इथलीच फांदी पडली असेल, आणि म्हातारीने ती उचलून नेली असेल."

"माझा आजा सोन्सोनहून खेचरावर बसून आला," अर्नुल्फो म्हणाला. "मी इथं जन्मलो. मला कुठल्या चौकटीत घालशील?"

नुबियाला हसू आलं. तिने कॅमेरा काढला. उजेडाचा फोटो घेतला. दुसऱ्या फोटोसाठी वाकली तेव्हा एका रोपावर कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा आणि एक मेलेली मुंगी होती. तिचा हात पुढे झाला. तिने तो दुसऱ्या हाताने धरला, अक्षरशः मनगट पकडलं, आणि अर्नुल्फो बघत असताना तशीच दोन मिनिटं उभी राहिली. मग सातही रोपांचे फोटो जाळ्यासकट, मुंगीसकट घेतले. एका फोटोत फांदी पुढून स्पष्ट, दुसऱ्यात मागून, तिसऱ्यात मुळाशी, असे प्रत्येकी वीस-वीस. त्यातला एकही वाखाणण्याजोगा नव्हता.

सोमवारी तिने फॉर्म भरला. दोन्ही चौकटी रिकाम्या सोडल्या आणि समासात, कागद उभा-आडवा फिरवत लिहिलं, की हे झाड एका जुन्या अंगणात आहे, अंगणातल्या दुसऱ्या झाडावर बांधल्याची खूण आहे, अंगणाबाहेर बिनबांधलेली सात रोपं आहेत, ती अजून फुललेली नाहीत. आणि शेवटी, बारीक अक्षरात, 'फोटो काढण्याआधी मी फांदीवरून काहीतरी काढून टाकलं. काय होतं ते मला माहीत नाही. सवयीने झालं.' सही केली आणि पाठवून दिला.

इलियानाचा फोन आला.

"दोन्या नुबिया, चौकट एकच भरायची असते. पण एक तरी भरायची असते."

"मग तिसरी काढ."

"बहुतेक लोक हे लिहीत नाहीत," इलियाना म्हणाली. रागावली होती की नाही ते कळेना. "नगरपालिकेला मी 'तपासणी बाकी' असं कळवते. म्हणजे हिरवा नाही, पण रोपं फुलेपर्यंत तोडताही यायचं नाही. फुलल्यावर आम्ही येऊ, नमुने घेऊ. दोन वर्षं, फार तर तीन. तोवर राखाल का तुम्ही ती?"

"राखते."

अर्नुल्फोला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दोन वर्षं. तू नुसती एक रेघ मारली असतीस तर जन्मभराचं काम झालं असतं." मग चार दिवसांनी तो स्वतःच ओकच्या झाडाभोवती काटेरी तार लावून आला, गुरं अंग घासतात म्हणून. त्याचा फोटो त्याने मोबाइलवर काढून तिला पाठवला. फोटोत झाड अर्धं आणि तार पूर्ण होती.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नुबिया काबुयालला जाते. काही तोडत नाही, काही झाडत नाही. कॉम्प्युटरवर तिसरा कप्पा आहे, त्याला अजून नाव दिलेलं नाही. 'रानचं'मधले चाळीस फोटो तिने त्यात हलवले, मग अकरा परत नेले, मग त्यातले चार पुन्हा आणले.

फुलाचा मोठा छापलेला फोटो तिने आना देलियाला बेय्योला पाठवला. त्याबरोबर धुण्याच्या ओट्याचाही. आठवड्याने मोबाइलवर तिच्या आवाजातला निरोप आला. मागे टीव्ही चालू होता.

"पोरी, ओटा माझाच. डावा कोपरा नवऱ्याने कुऱ्हाड पाजळताना फोडला होता, तो तसाच आहे. फूल मी कधी बघितलेलं नाही. पण पान ओळखीचं वाटतं. निघालो त्याच्या महिनाभर आधी मोठा वारा सुटला होता, तेव्हा ओढ्याकाठी एक फांदी सापडली होती, तिच्यावर असली नखाएवढी पानं होती. तीच बांधली होती का दुसरी, देव जाणे. बरं, माझ्या डोळ्यांचं काय? फोटो पुन्हा काढून देणार का?"

नुबियाने तो निरोप पाच वेळा ऐकला. येत्या महिन्यात ती कॅमेरा आणि पांढरी चादर घेऊन बेय्योला जाणार आहे. म्हातारीचा फोटो काढायचा, कॉलर आहे तशी ठेवायची आणि डोळे उघडे असतील तेव्हाच बटण दाबायचं, असं तिने ठरवलंय. आणि फोटो झाला की विचारायचं. नातीचा फोन मध्ये नको, समोर बसून, नीट आठवू देत विचारायचं, की दोन्या आना देलिया, ती फांदी तुम्ही उचलली तेव्हा तुम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाला होतात, जिथं तो वाकलेला ओक आहे तिथं, की खालच्या?